हल्लेखोरानेच आग लावली असेल तर अग्निशमनच्या जवानांनी आत शिरायचं की पोलिसांची वाट बघायची?

शनिवारातला:
२६/११ ला ताजमधली आग अपघाती नव्हती. फोनवर बसलेले सूत्रधार आग लावा म्हणून अतिरेक्यांच्या मागे लागले होते, ती संभाषणं नंतर सगळ्यांनी ऐकली. गोळीबार चालू असताना मुंबईच्या जवानांनी शिड्या लावून खिडक्यांतून माणसं उतरवली. हे किती दिवस जवानांच्या हिमतीवर सोडायचं? पुण्यात प्रत्येक पाळीला एक तरी टोळी बुलेटप्रूफ जाकिटासकट तयार हवी, सशस्त्र पोलिसांच्या आडोशाने आत जाणारी. मँचेस्टरला २०१७ च्या स्फोटानंतर अग्निशमन दल दोन तासांहून उशिरा पोचलं, कारण वरून कुणी जा म्हणेना. चौकशीत वाभाडे निघाले.

भवानीपेठ:
पाठीवर बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क), त्यावर जाकीट, हातात पाण्याचा होज. हे सगळं घालून एकदा जिना चढून बघा, मग धोरण ठरवा. सिलिंडर अर्धा तास चालतो म्हणतात, धापा टाकणाऱ्याला तेवढाही पुरत नाही.
आणि आग हे आमिषही असतं. २०१२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टरमध्ये एकाने नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे आग लावली आणि विझवायला आलेल्यांना गोळ्या घातल्या, दोन जवान गेले. जून २०२५ मध्ये आयडाहोत पुन्हा तेच, तिथेही दोघे. आमचे काका दलात होते, म्हणायचे की जवान पडला की वर्दी, म्हणजे मदतीचा कॉल, एकाची दोन होते. पोलीस आधी, बंब नंतर.

टिळक रोड:
बोळात दुतर्फा दुचाक्या, बंब वळत नाही. तुम्ही जाकिटं वाटा.

फेज वन:
दोघेही असं धरून चाललाय की हल्ला आहे हे आधी कळतं. १९ मार्च २०२५ ला हिंजवडीत कंपनीची टेम्पो ट्रॅव्हलर पेटली, चार कर्मचारी गेले. पहिल्या दिवशी सगळे शॉर्टसर्किट म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितलं की चालकानेच रसायन वापरून पेटवल्याचा संशय आहे. आता सांगा, पोचणाऱ्या जवानाने कोणतं धोरण वापरायचं होतं? त्या चौघांना मागचं दार उघडता आलं नाही. क्योतोच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत २०१९ ला एकाने पेट्रोल ओतलं, ३६ माणसं गेली, कित्येक जण गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यातच सापडले. पेट्रोलची आग बंब निघायच्या आत पसरलेली असते. पैसा खर्चायचाच तर दारांवर आणि जिन्यांवर खर्चा.

शनिवारातला:
दारं हवीत, कोण नाही म्हणतंय? पण ताज दोन-अडीच दिवस धुमसत होतं, तिथे दार उघडं ठेवून काय झालं असतं? तुमचा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांचा आहे, माझा त्यानंतरचा.

भवानीपेठ:
ताज पुण्यात रोज होत नाही. इथे काय होतं? २०१५ ला सिंहगड रोडला सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या दुचाक्या रातोरात जाळल्या. एकतर्फी प्रेमातून पेट्रोल ओतणारे आहेत, हिंगणघाटचं २०२० सालचं प्रकरण आठवा. तिथे जाकीट काय करणार? पहिलं काम जळणाऱ्या माणसावर पाणी, दुसरं म्हणजे पेट्रोलच्या वासाची माती धुऊन न टाकणं. नमुना साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरला तर वाफ उडून जाते, हवाबंद डबा लागतो. त्याचं प्रशिक्षण द्या आधी.

फेज वन:
हे पटलं. पोलीस आधी हे मात्र नाही पटलं. १०१ लावला तर वर्दी अग्निशमनला, ११२ लावला तर आधी पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला. दोघांना एकाच वेळी एकच माहिती मिळते का? त्यात आपल्याकडे मनपा, पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए, एमआयडीसी, सगळ्यांची दलं वेगळी, पोलीस आयुक्तालयं दोन आणि ग्रामीण पोलीस निराळे. पेटलेल्या इमारतीसमोर 'आता आत जा' हे कुणी म्हणायचं?

शनिवारातला:
अग्निशमनच्या हजर अधिकाऱ्याने. पोलिसाला फक्त 'बंदूकवाला कुठे आहे' एवढंच विचारायचं.

भवानीपेठ:
आणि तो 'माहीत नाही' म्हणाला तर?