कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कवर लोक लिहिते कसे झाले? तुमचे अनुभव सांगा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एचआर बघते. व्हिवा एंगेज (कंपनीतल्या लोकांसाठी मायक्रोसॉफ्टचं फेसबुकसारखं नेटवर्क; २०२३ पर्यंत याचंच नाव यॅमर होतं) सुरू होऊन सहा महिने झाले, पण वाढदिवस आणि साहेबांच्या सूचना सोडल्या तर शुकशुकाट. लोकांकडे सांगण्यासारखं किती आहे, ते चहाच्या सुट्टीत रोज कानावर पडतं. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, सविस्तर लिहा.

सिन्नर, सीएनसी विभाग (संगणकावर चालणारी मशीन)
आमची सुरुवात थंडीमुळे झाली. जानेवारीत सकाळच्या शिफ्टला पहिले सात-आठ जॉब (मशीनवर घडवायचे भाग) मापात बसेनात. एका नव्या ऑपरेटरनं मायक्रोमीटरचा हललेला फोटो टाकून विचारलं, 'ऑफसेट बदलू का?' (म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती) सातपूर युनिटमधल्या एका जुन्या काकांचं दुपारी उत्तर आलं: 'ऑफसेटला हात लावू नको. मशीन रात्रभर गार पडलंय. स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) १५-२० मिनिटं रिकामा फिरव, मग जॉब लाव.' दुसऱ्या दिवशी पोरानं तसं केलं आणि पहिल्याच जॉबचा फोटो टाकला, मापात. त्याखाली तिन्ही युनिटची माणसं बोलायला लागली. काकांना टायपिंग जड जायचं, म्हणून त्यांना माईकवर बोलून लिहायला शिकवलं. आता ते रोज असतात. प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर मिळेल, ही जबाबदारी एका माणसाकडे द्याच. प्रश्न नुसताच पडून राहिलेला दिसला की पुढचा माणूस लिहीत नाही.

सातपूर, स्टोअर
आठवड्याला दोन पोस्टची सक्ती होती, अप्रेझलमध्ये गुण. नुसते सुप्रभात यायचे. सक्ती उठली, तेही बंद झाले. हा मार्ग घेऊ नका.

आयटी, मुंबई नाका
आम्ही वर्कप्लेसवर होतो, म्हणजे फेसबुकवाल्या मेटाच्या कंपन्यांसाठीच्या नेटवर्कवर. ते बंद करणार असल्याचं मेटानं मे २०२४ मध्ये जाहीर केलं; १ सप्टेंबर २०२५ पासून तिथं फक्त वाचता येणार होतं. इतक्या वर्षांची उत्तरं जाणार म्हणून जीव कळवळला. कामाचं काय ते निवडायला लोक आपणहून शनिवारी आले. तुम्हीही चांगली उत्तरं वेळच्या वेळी वेगळी उतरवून ठेवा.

अंबड, असेंब्ली, सेकंड शिफ्ट
रात्री आमची बस रस्त्यापलीकडे अंधारात थांबायची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोललं की सुपरवायझरला राग यायचा. मी भीत भीत कंपनीच्या नेटवर्कवर लिहिलं. प्लांट हेडनी स्वतः लिहिलं, 'सोमवारपासून बस गेटच्या आत येईल.' आणि आली. त्या आठवड्यात माझ्या लाईनवरच्या पाच जणींनी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.

धागाकर्ती
ताई, प्लांट हेड स्वतः लिहितात हे कसं जमवलं?

अंबड, असेंब्ली, सेकंड शिफ्ट
आमच्या एचआरच्या मॅडम रोज जेवणाआधी १० मिनिटं प्लांट हेडच्या केबिनमध्ये जाऊन बसतात. प्रश्न वाचून दाखवतात, ते तिथंच उत्तर लिहितात.

धागाकर्ती
उद्या साहेबांची वेळ मागते. आमच्याकडेही बसचाच प्रश्न आहे.