सगळं सुरळीत असताना 'कशासाठी?' : तुमचे अनुभव

गृहकर्ज फिटलं. बँकेने घराची मूळ कागदपत्रं परत दिली, बायकोने शिरा केला, आणि रात्री मी टक्क जागा. इतकी वर्षं कशासाठी धावलो? दुःखात माणूस खचतो हे समजतं. पण असं? कुणाला झालं असेल तर लिहा. उपदेश नको, घडलं तेवढंच.

अभ्यासिकावाला : राज्यसेवेला खुल्या गटात वयाची अट ३८. ती ओलांडल्यावरही मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची फी भरली. (सकाळी जायला जागा नको?) मेसचा डबा, टेस्ट सिरीज, टपरीवर कटऑफच्या गप्पा. बाकी सगळं, लग्न, आईचे गुडघे, 'पोस्ट निघाल्यावर'. ती निघणार नाही हे कळल्यावर अपयशाचं दुःख लगेच झालंच नाही, ते मागाहून आलं. आधी नुसतं रिकामं वाटलं. सकाळी उठून मी कोण असतो, तेच कळेना. गावात तोवर सगळे 'साहेब' म्हणायला लागलेले, त्यांनाही आता थांबता येईना. सध्या तालुक्याला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो : सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती. अर्थबिर्थ सापडला असं म्हणणार नाही. पण आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळवता जुळवता दुपार सरते, आणि दोन घास जास्त जातात.

थोरली सून : सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्या गेल्यावर जो तो म्हणाला, "सुटलीस गं." सुटून जायचं कुठे, ते कुणी सांगितलं नाही. रात्रीचा गजर मी अजून बंद केलेला नाही.

मौनी : इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. फोन जमा, पहाटे चारला घंटा. मला तिथे जीवनाचं प्रयोजन नाही, गुडघेदुखी सापडली! चेष्टा नाही करत. तासभर न हलता बसलं की 'कशासाठी'पेक्षा गुडघा मोठा होतो, आणि मग तोही विरतो.

कोरडवाहू : हे भरल्या पोटाचे चाळे, असं कुणी म्हणण्याआधी लिहितो. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. भंडारा डोंगरावर जाऊन बसणं त्यानंतरचं. आमची बोअर आटली तेव्हा वडील "कुणासाठी करायचं?" एवढंच म्हणायचे. त्याला कुणी अस्तित्वाचा पेच वगैरे म्हटलं नाही. डोकं फिरलंय म्हणाले.

पोहेप्रेमी : माझी झोप गेली, भूक गेली. फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलं. गोळ्यांनी प्रश्न सुटला नाही, पण पोहे पुन्हा पोह्यांसारखे लागू लागले. वरच्या कुणाला जगणंच नको वाटत असेल तर इथे लिहून थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.