तुरळच्या गरम पाण्यावर वीज का करत नाहीत?

चाकरमानी_संगमेश्वर
गणपतीला गावी गेलो की तुरळच्या कुंडावर एक फेरी ठरलेली. पाणी इतकं कढत की आधी निववायचं, मग अंगावर घ्यायचं. बारा महिने ते ओढ्याला फुकट जातंय आणि इकडे वारा सुटला की गावात लाईट गुल. इटलीत लार्देरेल्लोला 1904 साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले, 1913 मध्ये वीजघरही उभं केलं. आपल्याकडे कोकणात तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे अशी गरम झऱ्यांची रांग असून एक दिवा का लागत नाही?

चिलरवाला
लार्देरेल्लोला कोरडी वाफ येते, ती थेट टर्बाइनवर सोडता येते. आपल्याकडे नुसतं गरम पाणी. आणि कोकणाखाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, इतकंच. उन्हवऱ्याला ते साधारण 70 अंश असतं.

आता कोणीतरी अलास्कातल्या चेनाचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगतो. तिथे 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज होते. माझा धंदाच चिलरचा, म्हणजे मोठ्या एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रांचा, त्यामुळे ते यंत्र मला भारी आवडतं. एसीचंच सामान, फक्त उलटं चालवलेलं! गरम पाण्याने आर-134ए (एसीच्या यंत्रात फिरणारा, कमी तापमानाला उकळणारा पदार्थ) उकळवायचा, त्याच्या दाबावर टर्बाइन फिरवायचं आणि गार पाण्याने तो पुन्हा पातळ करायचा. खरी गोम त्या गार पाण्यात. चेनाला ते 4 अंशांचं मिळतं, आपल्या ओढ्याचं 28 धरा. अगदी आदर्श यंत्र घेतलं तरी तिथे उष्णतेतली 20 टक्के वीज होईल, उन्हवऱ्याला 12. प्रत्यक्षात चेनालाच 8 च्या आसपास पडते. आपल्या वाट्याला जे उरेल त्यातलं बरंचसं पंपच खातील. वीजच हवी तर लडाखात पुगाला बघा. ओएनजीसीने 2021 मध्ये तिथे 1 मेगावॅटसाठी करार केलाय.

रेक्याविकची_सूनबाई
वीजच का हवी पण? इथे आइसलँडमध्ये दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर ऊबदार राहतात. रेक्याविकच्या बायका पूर्वी कपड्यांची गाठोडी घेऊन तीनेक किलोमीटर चालत गरम झऱ्यांवर धुवायला जायच्या. 1930 मध्ये त्याच जागेचं पाणी नळाने एका शाळेत आणि साठ-सत्तर घरांत आणलं, तिथून हे सगळं वाढलं. आमच्या रेडिएटरमधून निघालेलं कोमट पाणी फुटपाथखाली फिरवतात, बर्फ साचत नाही. एकच ताप, गरम नळाला अंड्याचा वास येतो आणि चांदीची जोडवी काळी पडतात.

चाकरमानी_संगमेश्वर
ताई, आमच्याकडे घर गरम करायला मे महिना पुरतो हो!

चिलरवाला
😄 पण ताईंचा मुद्दा सोडू नका. कोकम, फणसपोळी, आंबापोळी वाळत घातली आणि वळवाने गाठलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वाळवणाला 50 अंशांची हवा भरपूर झाली. सेकंदाला एक लिटर पाणी 70 वरून 60 वर आणलं तर साधारण 42 किलोवॅट उष्णता मिळते, म्हणजे वीसेक गीझर अखंड चालू. पाणी नळ्यांतून फिरवायचं, हवा बाहेरून. गंधकाचा वास मालाला लागत नाही. क्षार मात्र धरतील, नळ्या उघडून घासता येतील अशाच बसवा.

चाकरमानी_संगमेश्वर
हे पटलं. पण कुंडाला हात लावू देणार नाहीत, देवस्थान आहे.

चिलरवाला
लावूच नका. कुंडातून सांडून ओढ्याला जातं तेवढंच घ्या, पंपही नको. पुढच्या खेपेला बादली आणि थर्मामीटर न्या, सांडव्याखाली बादली किती सेकंदांत भरते ते इथे टाका. नळ्यांचा हिशोब मी करून देतो.