मॅमथच्या सुळ्यातला सिंहमानव: पहिल्याच शिल्पात इतकी सफाई कशी?

गिरगावकर:
फोर्टमधील वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती कोरीवकाम पाहिल्यापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. जर्मनीतील होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ साली तुकड्यांच्या रूपात सापडलेला सिंहमानव सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. सिंहाचे मस्तक आणि माणसाचे शरीर असलेली ही सुमारे ३१ सेंटिमीटरची मूर्ती नवशिक्या हाताची मुळीच वाटत नाही. मग आकृतिप्रधान कला एकाएकी पूर्णत्वानेच जन्मली असे मानायचे का?

छिन्नीवाला, परळ:
मी लाकडात मूर्ती कोरतो, म्हणून कारागिराच्या बाजूने लिहितो. सुळ्याचा मुळाकडचा भाग आतून पोकळ असतो आणि त्या शिल्पकाराने हीच पोकळी दोन पायांमधील अंतरासाठी वापरली आहे, म्हणजे कोरायला बसण्यापूर्वीच मूर्ती सुळ्यात कशी बसवायची हे त्याने ठरवले होते. असा अंदाज पहिल्या प्रयत्नात येत नाही. गारगोटीच्या हत्यारांनी प्रतिकृती घडवून पाहिली तेव्हा साडेतीनशेहून अधिक तास लागले. तेवढा काळ एका माणसाला शिकारीतून मोकळे ठेवणारी टोळी त्याच्या पाठीशी असली पाहिजे. (त्याला ‘आद्य नरसिंह’ ठरवणारे संदेश फिरतात, पण त्यांना काहीही आधार नाही.)

माहीमची वाचक:
छिन्नीवाल्यांशी सहमत आहे, मात्र ‘एकाएकी’ हा भास टिकाऊपणामुळेही होतो. लाकूड, कातडे, अंगावरचे रंग कुजून गेले; गुहेतील सुळे उरले. त्याच परिसरातील फोगेलहेर्ड गुहेतला इवलासा घोडा आणि होले फेल्स येथे २००८ साली मिळालेली, डोक्याच्या जागी कडी असलेली स्त्रीमूर्ती पाहिली, तर तिथे एक परंपराच नांदत होती हे स्पष्ट होते. शिवाय इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या एका गुहाचित्राचे वय किमान ५१,२०० वर्षे असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रानडुक्कर आणि मानवसदृश आकृत्या आहेत. त्यामुळे या कलेचा उगम युरोपातच झाला, हा जुना आग्रह आता सोडावा लागतो.

गिरगावकर:
दोघांचेही आभार. आपल्या महाराष्ट्रात इतके जुने काही आहे का?

माहीमची वाचक:
जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची नक्षी मिळाली आहे. ती एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची आहे, प्राण्याची वा माणसाची आकृती तिच्यात नाही. त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या कक्षेत ती अर्धीच बसते.