यहुदी आपले 'थोरले भाऊ' की 'वडील भाऊ'?

बावखल
पॅरिशच्या अंकासाठी एक लेख मराठीत करतोय. १३ एप्रिल १९८६ला पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात) गेले, तिथले धर्मगुरू रब्बी एलिओ तोआफ यांनी स्वागत केलं, त्या भेटीवर आहे. तिथे पोप यहुद्यांना इटालियनमध्ये 'फ्रातेल्ली माज्जोरी' म्हणाले. मी 'थोरले भाऊ' लिहिलं. तपासणाऱ्या काकांनी ते खोडून 'ज्येष्ठ बंधू' केलं. म्हणे थोरले हे घरातलं बोलणं, पोपच्या तोंडी शोभत नाही. मला 'ज्येष्ठ बंधू' वाचलं की सत्कार समारंभ आठवतो. काय ठेवू?

जुनी वही
थोरलेच. 'माज्जोरे'त वयाने मोठा आणि मानाने मोठा दोन्ही येतं, 'थोर'मध्येही येतं. बाकी हा शब्द पोपना रोममध्ये सुचलेला नसावा. ते पोलंडचे, आणि मित्सकिएविच या पोलिश कवीने १८४८ सालच्या जाहीरनाम्यात इस्राएलला थोरला भाऊ म्हणून मान आणि बंधुभाव देऊ केला होता. एक मात्र सांभाळा. मूळ वाक्यात पोप 'एका परीने, असं म्हणता येईल' असं म्हणतात. भाषांतरात हे हमखास गळतं.

मिरजमळा
'थोरला' नुसता वयाचा शब्द नाही. थोरले बाजीराव, थोरले माधवराव. त्याच नावाच्या नंतरच्या पेशव्यांशी गल्लत होऊ नये म्हणून. देवासला संस्थानी काळात तर थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन गाद्या होत्या. थोरला म्हटलं की धाकटा गादीवर बसलेला असतोच.

कोयंडा
मिरजमळा, नेमकी तिथेच गोम आहे. बायबलमधले थोरले भाऊ आठवा: काईन, इश्माएल, एसाव. एसावाने तर मसुरीच्या वरणावर वडीलकी विकली. निवड नेहमी धाकट्याची. चर्चने शतकानुशतकं हेच वापरलं: एसाव म्हणजे यहुदी, त्याचा धाकटा भाऊ याकोब म्हणजे आपण. मग यहुद्याला 'थोरला' म्हटलं तर त्याला आपुलकी ऐकू येईल की टोमणा? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१०च्या मुलाखतीत हेच सांगितलं आणि 'श्रद्धेतले पिते' बरं म्हटलं.

बावखल
मेलो. म्हणजे आता भाऊ की बाप?

अश्दोदची सून
अहो, मराठीत दोन्ही एकाच शब्दात आहे की! वडील. आमच्या आजेसासूबाई पेणच्या, त्या 'वडील दीर', 'वडील जाऊ' असंच म्हणत. 'वडील भाऊ' लिहा. पोपना दोन शब्द लागले, आपल्याला एक पुरतो.

मिरजमळा
सुरेख! वडील हा शब्द वडावरूनच आला असणार. सावली देणारा तो वडील.

जुनी वही
कृपा करा. वडाचा काही संबंध नाही. प्राकृत 'वड्ड' म्हणजे मोठा, हिंदीतला 'बडा' तोच. आणि ताई, तुमची सूचना गोड आहे, पण पुण्यामुंबईच्या आजच्या वाचकाला वडील म्हणजे फक्त बाप. 'वडील भाऊ' बघून त्याला मधे स्वल्पविराम राहिलाय असं वाटेल.

अश्दोदची सून
मग त्याला शिकवा. शब्द वापरायचा थांबलो तर मरणारच.

मांडवीपार
तुमचं वडील-थोरले चालू द्या. गोव्यात १५६९ साली पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं. ओर्ता आधीच वारला होता, तर १५८०मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. गुन्हा काय, तर बाप्तिस्मा घेऊनही आतून यहुदी राहिले. या भावकीला कोणता शब्द लावता?

कोयंडा
रास्त प्रश्न. म्हणूनच १९८६च्या त्या एका शब्दाचं वजन आहे. गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांना 'परफिदिस' म्हणत. विद्वान म्हणायचे, अर्थ फक्त 'विश्वास न ठेवणारे'. ऐकणाऱ्याला मात्र 'दगलबाज' ऐकू यायचं. १९५९मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी तो शब्दच काढला. २८ ऑक्टोबर १९६५ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र आलं, येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकता येत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं.

मांडवीपार
चारशे वर्षं लागली.

मिरजमळा
अवांतर: सगळे 'यहुदी' का लिहिताय? मराठीत 'ज्यू' रुळलाय. यहुदी अरबी-फारसीकडून आलेला.

जुनी वही
आणि ज्यू काय ज्ञानेश्वरीतून आला?

अश्दोदची सून
आम्हा बेने इस्राएलींना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, अलिबाग-पेणकडे दोन्ही नव्हते. शनवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून. मैत्रीचं म्हणाल तर स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्यांच्या आणि अमेरिकन मिशनच्या शाळांत आमची माणसं शिकली, शिकवतही होती. मिशनऱ्यांना हवा होता बाप्तिस्मा. तो फारच थोड्यांनी घेतला, बाकीचे हिब्रू घेऊन सिनेगॉगमध्ये परतले. याला मैत्री म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरात जेवताना अजून दोन तट पडतात. सासरे म्हणतात, हेतू कसाही असो, पुस्तक आपलं झालं. नणंद म्हणते, धर्म बदलायला आलेला माणूस मित्र कसा?

मांडवीपार
नणंदबाईंशी सहमत.

कोयंडा
मी सासऱ्यांच्या बाजूने.

बावखल
मंडळी, अंक उद्या छपाईला जातोय. काकांना 'वडील भाऊ' दाखवलं. ते म्हणाले 'अग्रज' करा.

मिरजमळा
म्हणजे आपण अनुज? माझ्या मुलीच्या वर्गात दोन आहेत.

जुनी वही
अग्रज काय वाईट आहे? निदान त्यात एसाव नाही.

कोयंडा
अग्र म्हणजे आधी, आणि आधी एसावच जन्मला ना!

अश्दोदची सून
ते राहू द्या. 'वडील बहीण' कुणाकडे म्हणतात का? आमच्याकडे म्हणायचे.