मेळावा बाहेर, प्रश्न आत का नाही?

खानापूरकर
२०१२ साली बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध झालं. तेव्हापासून बहुतेक वर्षी हिवाळी अधिवेशन आपल्या दारात भरतं. पहिल्या दिवशी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, पोलिसांची धरपकड, पेपरात फोटो. आत मात्र आपला मराठी माणसांचा विषय निघत नाही. मेळावा व्हावाच, पण एखादा तारांकित प्रश्नही लावून घ्या की! त्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला नुसतं लेखी उत्तर मिळतं. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांवर आहेत, तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत हव्यात, हे ठरून साठ वर्षं झाली. हेच विचारा. मंत्री ‘करतो’ म्हणाले, तर सभागृहाची आश्वासन समिती पाठपुरावा करते.

टिळकवाडी
विचारणार कोण? २०१८ पासून एकीकरण समितीचा एकही आमदार नाही. बाकीचे मतं मागायला मराठीत येतात. डिसेंबर २०२२ ला याच सौधात सीमाप्रश्नावर महाराष्ट्राविरुद्धचा ठराव एकमताने झाला. एकमताने! त्यांच्याकडून कसली आशा धरायची?

खानापूरकर
ठरावाने हद्द हलत नाही, दादा. नागपूरला महाराष्ट्र विधिमंडळात आपल्या बाजूने झालेल्या ठरावानेही हलली नाही. घटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे तो अधिकार संसदेचा. विधानसभेचं फक्त मत मागवतात, तेही बंधनकारक नसतं. सातबारा मराठीत मागायला ठराव आडवा येत नाही.

निपाणीकर
मला खरी भीती वेगळीच आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपण ‘कर्नाटकातले अल्पसंख्य’ म्हणून हक्क मागायला लागलो, तर इथेच राहायला राजी झालो असा अर्थ काढतील. माझ्या वडिलांनी त्यासाठी लाठ्या नाही खाल्ल्या.

येळ्ळूरची सून
काका, तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. पण निकाल लागेपर्यंत सासूबाईंनी कन्नड नोटिशीवर न वाचताच अंगठा द्यायचा का? गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क अनुच्छेद ३५० देतो. तो वापरला म्हणून दावा सोडला असं होत नाही. आमदारांना निवेदन देऊन नुसता फोटो काढू नका. प्रश्न लिहूनच हातात द्या: कुठल्या तालुक्यात, कुठल्या कार्यालयात, मराठी नोटिसा का नाहीत? प्रश्नाची सूचना आगाऊ द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही.

निपाणीकर
मसुदा इथे टाका. ‘दाव्याला बाधा न येता’ हे शब्द त्यात असतील तर मी सही करतो. नसतील तर नाही.