मदत हवी आहे: तलावावरच्या पक्ष्यांची जुनी वही ई-बर्डवर कशी चढवायची?

राम राम मंडळी. गोंदिया जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. गावाला जुना मालगुजारी तलाव आहे, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेला. चार वर्षांपासून पोरं दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाळीवर बसून पक्षी मोजतात. अडई, वारकरी, शेकाट्या, कमळपक्षी... वहीत सगळं आहे. सारस एकदाच दिसला, त्या दिवशी पोरं जेवायलाही घरी जाईनात!

एका मित्रानं सांगितलं, हे ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या वेबसाइटवर टाका, संशोधकांच्या कामी येते. अॅप घेतलं. रेंज नसली तरी यादी भरता येते, हे बरं झालं. आमच्याकडे नेट मिळते ते पाण्याच्या टाकीवर चढल्यावर.

अडचण अशी. वहीत तारीख आणि आकडे आहेत, पण किती वेळ मोजलं ते लिहिलंच नाही. चूक माझीच. अशा नोंदी 'ऐतिहासिक' प्रकारात टाकायच्या का? अंदाजानं वेळ लिहिणं मला पटत नाही. दुसरं, 'ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का' या प्रश्नावर अडतो. चिखलातले ते बारके तुतारी पक्षी आम्हाला ओळखू येत नाहीत, मग उत्तर 'हो' की 'नाही'? आणि अडईचा हजारभराचा थवा एकदम उडाला तर आकडा कसा धरता? पोरं दहा-दहाचे गठ्ठे करतात, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा निघते.

फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, त्याआधी हे निस्तरायचं आहे. कोणी केलं असेल तर सांगा जी.